रफ कट आधी कुणाला दाखवायचा?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत)

एक वाचक गेली ४ वर्षं आपल्या वडिलांवर माहितीपट करत आहेत. वडिलांनी आयुष्यभर छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचं काम केलं. काचबिंदूमुळे त्यांची नजर हळूहळू जात गेली आणि आता जवळजवळ काहीच दिसत नाही. ९० तासांचं फुटेज जमलंय आणि त्यातून २ तास १० मिनिटांचा रफ कट, म्हणजे फिल्मची कच्ची जोडणी, तयार झालाय. पुढच्या महिन्यात माहितीपट करणाऱ्यांची एक कार्यशाळा आहे. १२ जण, प्रत्येकाला पाऊण तास, त्यात जास्तीत जास्त २० मिनिटं आपलं काम दाखवायचं.

त्या लिहितात: "मागे एका कार्यशाळेत एका ज्येष्ठ दिग्दर्शकांनी मला सांगितलं, 'डॉक्टरांनी निदान सांगितलं त्या दिवसापासून सुरुवात करा, नाहीतर यात गोष्टच नाही.' मी ६ महिने त्यांच्या सांगण्याप्रमाणे कापत बसले. फिल्म आजारपणाची झाली, बाबा त्यातून हरवले. मूळ जागी परत यायला आणखी ३ महिने गेले. आता कुणासमोर अर्धवट काम ठेवायची हिंमतच होत नाही. फिल्म पूर्ण झाल्यावरच दाखवावी का? आणि आत्ता दाखवायचं तर सगळ्यात ताकदीचा प्रसंग दाखवावा, असं वाटतं. बाबांच्या हातून खिळ्यांची केस (अक्षरागणिक घरं असलेली पेटी) पडते, ते जमिनीवर बसून खिळे चाचपत राहतात आणि रडतात. मागून भावाचा चिडलेला आवाज येतो. बाबांची संमतीपत्रावर सही सुरुवातीलाच घेतलेली आहे. तरी हा प्रसंग परक्यांसमोर लावायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. काय करू?"

उत्तर

पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलंत. तो कशाचा, ते आधी बघू या. मला त्यात दोन वेगळ्या भीती दिसतात. एक तुमच्या कामाबद्दलची: पुन्हा कुणी काहीतरी बोलेल आणि हातातली फिल्म निसटेल. दुसरी बाबांबद्दलची: त्यांचं रडणं परक्या माणसांपुढे उघडं पडेल. तुम्ही दोन्हींची एकच मोट बांधलीत, म्हणून उत्तर सापडत नाहीये. पहिल्या भीतीवर इलाज आहे आणि तो बराचसा तुमच्याच हातात आहे. दुसरीचं मात्र तुम्ही ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी त्या ज्येष्ठ दिग्दर्शकांबद्दल. त्यांच्या सल्ल्याने फिल्म बिघडली, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण त्यांना काहीतरी खुपलं होतं, हेही खरं असणार. फिल्म पाहणारा माणूस, त्यातून तो स्वतः फिल्म करणारा असला तर, आपल्याला काय झालं हे सांगायच्या आधी उपाय सांगून मोकळा होतो. 'इथे मला काही कळेनासं झालं' असं म्हणायचं असतं, पण तोंडून येतं 'इथे निवेदन टाका'. संकलक वॉल्टर मर्च यासाठी डॉक्टरांचं उदाहरण देतात. रोगी सांगतो कोपर दुखतंय, पण नस दबलेली असते खांद्यात. दुखणं खरं आहे, जागा दुसरी आहे. कोपर कापून काय होणार?

हे मी एडिट टेबलवर स्वतः अनुभवलंय. होडी चालवणाऱ्या दोन भावांवरची एक फिल्म आम्ही जोडत होतो. रफ कट पाहून पाच जण म्हणाले, बाजाराचा भाग फार लांबलाय. तो ११ मिनिटांचा होता, आम्ही ६ वर आणला. तरी पुढच्या प्रेक्षकांना लांबच वाटला. मग एका मुलीने सहज विचारलं, "यातला धाकटा कोणता?" दोघांच्या अंगात फिकट निळे शर्ट होते, दोघांचीही दाढी वाढलेली. बाजारातल्या गर्दीत प्रेक्षक सगळा वेळ कोण कोणता ते शोधत बसले होते आणि त्यातच दमत होते. आम्ही अगदी सुरुवातीला ८ सेकंदांचा एक शॉट घातला, त्यात धाकटा किनाऱ्यावरून "दादा" अशी हाक मारतो आणि मोठा वळून बघतो. बाजार परत ११ मिनिटांचा केला. त्यानंतर कुणीही त्याला लांब म्हटलं नाही.

तेव्हा तुमच्या त्या जुन्या कटकडे एकदा या नजरेने बघा. बाबांची नजर जातेय, हे प्रेक्षकाला कितव्या मिनिटाला कळत होतं? विसाव्या मिनिटापर्यंत कळत नसेल, तर त्या दिग्दर्शकांची बेचैनी रास्त होती. डॉक्टरांच्या खोलीतला दिवस हा त्यांनी सुचवलेला उपाय झाला. तुमच्याकडे त्याहून चांगला असणार. काचबिंदूत नजर बहुतेक वेळा कडेने जायला लागते, मधलं बराच काळ शाबूत राहतं. म्हणजे चिमटीत धरलेला खिळा आणि त्यावरचं उलटं अक्षर दिसतंय, पण भोवतालची केस दिसत नाहीये, अशी एक वेळ तुमच्या बाबांवर येऊन गेली असेल. ज्या हातांना प्रत्येक घराची जागा पाठ होती, ते हात एकदा चुकीच्या घरात जातात आणि थबकतात. सुरुवातीच्या वर्षांच्या फुटेजमध्ये असा एखादा क्षण शोधा. तो सापडला तर आजाराचं नावही न घेता सगळं सांगून होईल.

आणि ते ६ महिने. ते सल्ल्याने कमी आणि तो सल्ला तपासायच्या रीतीने जास्त खाल्ले. कार्यशाळेतून आल्यावर पहिले तीन-चार दिवस प्रोजेक्ट उघडूच नका. नंतर टाइमलाइनची, म्हणजे संगणकावरच्या जोडणीची, प्रत करा, तिला तारखेचं नाव द्या आणि जे करून पाहायचंय ते त्या प्रतीवर करा. मुदत एक आठवडा, फार तर दहा दिवस. मूळ कट जागचा हलवायचा नाही. आठवड्याने दोन्ही कट पाठोपाठ बघायचे. बाबा कुठल्या कटमध्ये आहेत, ते तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कळेल.

'पूर्ण झाल्यावरच दाखवू का?' या प्रश्नाचं उत्तर मी सरळ देते: नको. चित्र लॉक झालं, म्हणजे कापाकापी कायमची थांबली, ध्वनीमिश्रण झालं, रंग बसवले, की त्यानंतर मिळालेल्या सल्ल्याचं तुम्ही काहीच करू शकत नाही. समोरच्याही लोकांना ते कळतं, मग ते अभिनंदन करतात आणि निघतात. माहितीपटाच्या सुरुवातीच्या काळातले दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी यांची गोष्ट मला इथे आठवते. आर्क्टिकमध्ये चित्रित केलेली त्यांची सुमारे ३०,००० फूट निगेटिव्ह फिल्म १९१६ साली टोरोंटोत सिगारेटची ठिणगी पडून जळून गेली. जोडलेली एक प्रत तेवढी वाचली. ती त्यांनी लोकांना दाखवली. लोक सौजन्याने वागले, पण त्यांचं कुतूहल हा माणूस कुठे जाऊन आला आणि त्याने काय काय पाहिलं, एवढ्यापुरतंच आहे, हे फ्लाहर्टींना जाणवलं. त्या सौजन्याआडचं त्यांनी ओळखलं, ते परत गेले आणि एका कुटुंबाभोवती नव्याने चित्रीकरण केलं. त्यातून १९२२ साली 'नानूक ऑफ द नॉर्थ' आली. त्या चित्रपटात बरंच काही मुद्दाम घडवून आणलेलं आहे आणि त्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. मी सांगतेय ते एवढंच, की कुणीही वाईट बोललं नव्हतं, तरी त्या माणसाला आपल्या फिल्ममध्ये काय नाही ते समजलं. तुम्हालाही कार्यशाळेत हे करायचंय. लोकांच्या शब्दांइतकंच त्यांच्या बसण्याकडे, चुळबुळीकडे लक्ष ठेवायचंय.

म्हणून खोलीत जायच्या आधी 'कशी वाटली?' हा प्रश्न मनातून काढून टाका. त्याला 'छान' किंवा 'छान, पण' याखेरीज उत्तर येत नाही. तुम्हाला या घडीला फिल्मबद्दल खरोखर काय कळत नाहीये, ते एका कागदावर लिहून काढा. तुमच्या पत्रावरून मला तीन गोष्टी दिसतात. हे बाबा प्रेक्षकाला माणूस म्हणून कसे वाटतात? खिळे जुळवणं म्हणजे नेमकं काय, हे ज्याने कधी पाहिलेलं नाही त्याला समजतं का? आणि तुम्ही, म्हणजे कॅमेऱ्यामागची मुलगी, या फिल्ममध्ये आहात की नाही? प्रश्न आधी ठरले की कोणती २० मिनिटं दाखवायची ते आपोआप ठरतं. बहुतेक जण उलट करतात, आधी सगळ्यात जोरदार तुकडा निवडतात आणि मग त्यावर काय विचारायचं याचा विचार करतात.

पाऊण तासातली २० मिनिटं पूर्ण वापरायची गरज नाही. मी १४-१५ वर थांबेन. फिल्मची सलग सुरुवात दाखवा, नाहीतर मधला एक सलग भाग. दहा ठिकाणचे तुकडे जोडून झलक बनवू नका. झलक पाहून लोक तुमच्या विषयाबद्दल बोलतात. तुम्हाला फिल्मबद्दल ऐकायचंय. सुरू करण्याआधी दोनच वाक्यं बोला: हा २ तास १० मिनिटांच्या रफ कटमधला अमुक भाग आहे, आवाज आणि रंग कच्चे आहेत. बाबा कोण, त्यांना काय झालंय, तुम्ही हे का करताय, हे काही सांगू नका. ते तुम्ही आधी सांगून टाकलंत, तर फिल्म स्वतः किती सांगते ते कळायचा मार्गच बंद होतो.

तात्पुरतं म्हणून लावलेलं संगीत काढून टाका. यावर मी हटून बसेन. उसन्या संगीतावर प्रसंग भिडतो आणि आपल्याला वाटतं चित्र भिडलं. तुमच्या फिल्ममध्ये तर खिळा स्टिकमध्ये (ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत) बसल्याचा बारीक टकटक आवाज आहे, तो ऐकू येऊ द्या. चित्राच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत टाइमकोड, म्हणजे मिनिट-सेकंदांचा चालता आकडा, ठेवा, म्हणजे लोकांना नेमकी जागा टिपून घेता येते. सबटायटल असतील तर खोलीच्या शेवटच्या रांगेतून वाचून बघा. फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि त्यांच्याच प्रोजेक्टरवर, त्यांच्याच स्पीकरवर आदल्या दिवशी दोन मिनिटं चालवून बघा. अंधाऱ्या खोलीतले तुमचे शॉट तिथे नुसते काळे दिसले, तर सगळी चर्चा त्यातच जाईल.

बोलायला सुरुवात झाली की तुम्ही पहिली दहा मिनिटं गप्प बसायचं. हे फार अवघड जातं. कुणी म्हणेल 'तो मुलगा कोण, ते कळलं नाही' आणि तुमच्या जिभेवर उत्तर तयार असेल. ते गिळा. पुढे प्रत्येक प्रेक्षकाशेजारी उभं राहून तुम्हाला खुलासा करता येणार नाही. टिपणं स्वतः घेऊ नका, सोबतीला एखादी मैत्रीण न्या आणि तिला शब्दशः लिहून घ्यायला सांगा. आपण स्वतः लिहितो तेव्हा जे बोचतं ते गाळतो, नाहीतर फक्त बोचलेलंच लिहितो.

चर्चा कशी व्हावी हे आयोजकांना सुचवायचा तुम्हाला हक्क आहे. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० साली कलाकृतींवर, त्यातही घडत असलेल्या कामावर, बोलण्याची एक पद्धत बसवली. ती माहितीपटालाही चपखल बसते. आधी प्रेक्षक त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगतात. मग कलाकार आपले प्रश्न विचारतो. मग प्रेक्षकांचे प्रश्न, पण त्यात मत लपवायचं नाही. 'हा शॉट एवढा लांबवला कशाला?' यात टोमणा आहे. 'या शॉटमध्ये आम्ही काय बघावं असं तुमच्या मनात होतं?' हा खरा प्रश्न. मतं सगळ्यात शेवटी, तीही विचारून: 'सुरुवातीबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?' आणि कलाकार 'आत्ता नको' म्हणू शकतो. मागच्या वेळी त्या दिग्दर्शकांनी हा प्रश्न आधी विचारला असता, तर तुम्ही काय उत्तर दिलं असतंत?

कल्पना चोरीला जाण्याचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणांना ती धास्ती असते, म्हणून दोन शब्द. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या प्रत्यक्ष मांडणीवर असतो. पडद्याचे फोटो किंवा व्हिडिओ घेऊ नयेत, असं आधीच सांगा, चित्रावर आपलं नाव ठेवा, फाइल कुणाला देऊ नका. तुमच्या बाबांबरोबरची ४ वर्षं कुणी उचलून नेऊ शकत नाही.

आता केस पडते तो प्रसंग.

सही घेतलेली आहे, असं तुम्ही लिहिता. ती ४ वर्षांपूर्वीची. तेव्हा बाबांना सही करण्याइतकं दिसत होतं आणि फिल्म म्हणजे आपल्या कामाबद्दल चार गोष्टी, एवढीच त्यांची कल्पना असेल. आपण जमिनीवर बसून रडू आणि ते मोठ्या पडद्यावर दिसेल, हे त्या कागदावर सही करताना त्यांच्या मनातही आलं नसेल. कायद्याच्या दृष्टीने तो कागद तुमच्या बाजूने असेलही. पण तुमची एक खास अडचण अशी, की इतर माणसांना रफ कट दाखवून विचारता येतं, तुमच्या बाबांना तो दिसणार नाही. स्वतःची फिल्म न पाहिलेला एकटा माणूस तेच असतील. म्हणून त्यांना विचारण्यात तुम्हाला जास्त कष्ट घ्यावे लागतील.

मी असं करेन. एका निवांत वेळी, कॅमेरा बंद करून, त्यांना त्या प्रसंगाचा आवाज ऐकवा. मधे मधे थांबवून चित्रात काय दिसतंय ते सांगा: तुम्ही खाली बसला आहात, उजव्या हाताने खिळे गोळा करताय, चेहरा एका बाजूने दिसतोय, डोळ्यांत पाणी आहे. काही सौम्य करू नका, काही वाढवूही नका. मग 'दाखवू ना?' असं विचारू नका. मुलीने विचारलं तर बाप 'दाखव' म्हणणारच. 'ऐकून काय वाटलं?' एवढंच विचारा आणि त्या दिवशी तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी परत विषय काढा. आणि त्याआधी दुसरा एखादा भाग कार्यशाळेसाठी तयार ठेवा आणि तो तयार आहे हे त्यांना सांगा. आपल्या नकाराने मुलीची मेहनत वाया जाणार असं वाटलं, तर त्यांना नाही म्हणताच येणार नाही.

माणसाचं चित्रीकरण त्यालाच दाखवण्याची रीत माहितीपटाइतकीच जुनी आहे. फ्लाहर्टी दुसऱ्या खेपेला फिल्म धुवायची आणि दाखवायची सामग्री सोबत घेऊन हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर गेले होते आणि चित्रित झालेले प्रसंग तिथले मूळ रहिवासी असलेल्या इन्युइट लोकांना दाखवत होते. फ्रेंच दिग्दर्शक जाँ रूश आणि समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये चित्रित केलेल्या माहितीपटात तर भाग घेतलेल्या माणसांना पडद्यासमोर बसवून त्यांच्या प्रतिक्रियाच शेवटी घेतल्या आहेत. त्यात कुणाला समोरचं खोटं वाटतं, कुणाला निर्लज्जपणाचं वाटतं. तेव्हा बाबा काय म्हणतील ते गृहीत धरू नका. ते 'हो' म्हणतील, 'नको' म्हणतील किंवा तिसरंच काहीतरी सांगतील, जे तुमच्या ९० तासांत कुठेही आलेलं नाही.

एक गोष्ट मला पत्रात खटकली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाबांच्या सहीबद्दल तुम्ही लिहिलंत, भावाच्या परवानगीबद्दल एक शब्दही नाही. तो चित्रात नाही, फक्त आवाज आहे, म्हणून कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल. पण एका वाईट दिवशी चिडून बोललेलं एक वाक्य, त्याचं तोंड न दाखवता, रडणाऱ्या बापावर ठेवलंत की तो मुलगा कायमचा दुष्ट ठरतो. तो रोज बाबांचं काय काय करतो, ते प्रेक्षकाला दिसत नाही. आणि तो नक्की कुणावर चिडला होता? तो प्रसंग घडत होता तेव्हा तुमच्या हातात कॅमेरा होता. बाप जमिनीवर चाचपडतोय आणि बहीण शूट करतेय, यावर तो चिडला असेल का? मी तुम्हाला दोष देत नाहीये. माहितीपट करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते, कॅमेरा धरायचा की खाली ठेवायचा, हे त्या क्षणी कुणालाच नीट कळत नाही. पण तुम्हाला येणारा गोळा कदाचित याही गोष्टीचा असेल. भावाबरोबर बसा, त्यालाही तो प्रसंग दाखवा. तुम्ही या फिल्ममध्ये आहात की नाही, हा वरच्या तीन प्रश्नांतला शेवटचा प्रश्न तिथेच सुटायला लागेल, असा माझा अंदाज आहे.

दोघांनी मोकळेपणाने होकार दिला, तरी या कार्यशाळेत हा प्रसंग दाखवावा का? मी दाखवणार नाही. इतका तीव्र प्रसंग पाहिल्यावर कुणी फिल्मबद्दल बोलत नाही. खोलीत शांतता पसरते, दोन-तीन जण आपापल्या आईवडिलांबद्दल बोलतात, उरलेल्यांना टीका करणं गैर वाटतं, आणि तुमचा पाऊण तास संपतो. लोक हेलावतील, पण तुमच्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर मिळणार नाही. तो प्रसंग आधीच्या दीड तासाच्या जोरावर उभा राहायला हवा, आणि तो दीड तास अजून तयार व्हायचाय.

त्याऐवजी सुरुवातीची १४ मिनिटं न्या. त्यात बाबांच्या हातांचा, ते एक ओळ जुळवतानाचा एखादा सलग शॉट असेल तर तो न कापता ठेवा, चार मिनिटांचा असला तरी. तो चालू असताना पडद्याकडे बघू नका, तुम्हाला तो पाठ आहे. भिंतीला टेकून उभ्या राहा आणि माणसांकडे बघा: कोण पुढे झुकतंय, कोण घड्याळ बघतंय, आणि बाबांचा हात चुकीच्या घरात जाऊन थबकतो तेव्हा किती जणांचा श्वास अडकतो.